पागोळी कुठे पडते?

"काय गं, तुम्ही खरंच जंगलात राहायला गेलात?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाचं सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं. म्हणजे पुढच्या वेळी कुणी फोनवर विचारलं की "वाच" एवढंच सांगता येईल.

तर झालं असं. २०२१च्या ऑगस्टमध्ये लेक कॉलेजला गेली आणि एडिसनचं आमचं टाउनहाउस एकदम रिकामं झालं. नवऱ्याचं ऑफिस २०२०पासून घरातच आलेलं, माझंही बरंचसं काम लॅपटॉपवरचं. न्यू जर्सीतल्या इतक्या वर्षांत सगळं कसं हाताशी होतं. ओक ट्री रोड दहा मिनिटांवर, कढीपत्ता ताजा, मेथीची जुडी ताजी, गणपतीची मूर्तीसुद्धा हवी तेवढ्या उंचीची. आणि हे सगळं सोडून आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या पार ईशान्य कोपऱ्यात, वेन काउंटीत, ओंडक्यांचं एक जुनं घर घेतलं. तिथून कढीपत्ता दोन तासांवर आहे. हो, कढीपत्त्यानेच अंतर मोजायचं असतं!

नातेवाइकांच्या प्रतिक्रिया एकेक ऐकण्यासारख्या होत्या. आत्या म्हणाली, "अगं, आमचा जन्म गेला मातीच्या घरातून सिमेंटच्या घरात यायला. आणि तुम्ही अमेरिकेत जाऊन लाकडाच्या घरात निघालात? पैसे कमी पडले का?" वहिनीने "अय्या, कसलं रोमँटिक!" म्हटलं. डोंबिवलीहून बाबांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"लाकूड कुठलं?"

"पाइन. व्हाइट पाइन म्हणतात इथे."

"म्हणजे मऊ," बाबा म्हणाले आणि फोन दादाकडे दिला.

घर पहिल्यांदा बघितलं ते ऑक्टोबरमध्ये. झाडं लालपिवळी झालेली, अंगणात पानांचा खच, आणि मधोमध ते तपकिरी घर. नवरा हीटिंग, विहिरीचा पंप, सेप्टिक टँक असले शहाण्या माणसाचे प्रश्न विचारत होता. मी दार उघडून आत गेले आणि जागीच थांबले. एक वास आला. जुन्या लाकडाचा, त्यात मुरलेल्या धुराचा, थोडा दमट, थोडा गोडसर. जिना चढून वर माळ्यावर गेले तर तिथे तोच वास दुप्पट. खाली येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "हेच घर." त्याने कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, "उजेड छान आहे."

खरं कारण मी त्याला पुढे दीड वर्षाने सांगितलं. ते पुढे येईलच.

आधी हे घर असतं कसं ते सांगते. लॉग होम म्हटलं की आपल्याला सिनेमातलं झोपडं आठवतं. आमचं तसं नाही. १९८७ सालचं, कारखान्यातून तयार संच मागवून बांधलेलं. म्हणजे ओंडके कारखान्यात गोल तासून, खाचा पाडून, क्रमांक घालून ट्रकने यायचे आणि जागेवर एकावर एक रचायचे. आमच्या माळ्याच्या कोपऱ्यात एका ओंडक्याच्या टोकाला त्या क्रमांकाची चिठ्ठी अजून स्टेपल केलेली आहे. भिंत म्हणजे नुसते आडवे ओंडके, आठ इंच जाडीचे. कोपऱ्यात एकाची खाच दुसऱ्यावर बसते आणि टोकं बाहेर डोकावतात. आत प्लॅस्टर नाही की रंग नाही. बाहेरून जो ओंडका दिसतो तोच आतून दिसतो.

याचे परिणाम राहायला गेल्यावर कळतात. भिंत सपाट नसल्यामुळे एकही फोटो सरळ लागत नाही. देव्हाऱ्याची फळी बसवायला नवऱ्याला दोन शनिवार लागले, आणि तरी बाळकृष्ण जरा पुढे झुकूनच बघतो. फोडणीचा वास लाकडात जाऊन बसतो तो बसतोच. सोमवारी केलेलं कुळथाचं पिठलं गुरुवारी आलेल्या पाहुण्यांना कळतं. आणि लाकूड बोलतं! थंडीच्या पहिल्या रात्री 'कडाड' असा आवाज झाला तेव्हा मी उठून बसले. ओंडके सुकताना, गारठताना तडकतात. त्या भेगा असायच्याच, असं नंतर समजलं. फक्त बाहेरच्या अंगाला आकाशाकडे तोंड करून असलेली भेग धोक्याची, कारण तिच्यात पावसाचं पाणी साठतं. ती बुजवावी लागते.

नवं असताना असं घर चक्क बुटकं होतं. लाकूड सुकताना आडव्या अंगाने आकसतं, उभ्या अंगाने जवळपास नाहीच. त्यामुळे आडव्या ओंडक्यांची भिंत काही इंच खाली बसते आणि उभे खांब आहेत तेवढेच राहतात. म्हणून पडवीच्या खांबांच्या टोकाला स्क्रूचे जॅक असतात, ते थोडे थोडे फिरवून खांब भिंतीबरोबर खाली घ्यायचे. खिडक्यांच्या वरही त्यासाठी फट सोडतात. माणसांसारखंच की, पहिली काही वर्षं एकमेकांत बसायला जातात.

या घरांचा इतिहासही मी हौसेने वाचून काढला. अमेरिकेचं म्हणून जे ओंडक्यांचं घर सगळ्यांना माहीत आहे, ते मुळात अमेरिकेचं नाहीच. १६३८मध्ये स्वीडनने डेलावेअर नदीकाठी वसाहत केली आणि तिथे आलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी आपली गावाकडची घरबांधणी सोबत आणली. न्यू जर्सीतच गिब्सटाउनला त्या काळातलं एक ओंडक्यांचं घर उभं आहे. देशातल्या सर्वांत जुन्या अशा घरांत ते गणलं जातं. एडिसनला इतकी वर्षं राहून मला त्याचा पत्ता नव्हता. तीच डेलावेअर इथे वर आमच्या काउंटीच्या कडेने वाहते. परक्या मुलखात आलेल्या माणसांनी मातृभूमीतल्यासारखं घर बांधलं आणि पुढे तेच त्या मुलखाची ओळख झालं, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

पुढे तर या घराचं राजकारणही झालं. १८४०च्या निवडणुकीत हॅरिसनसाहेबांनी स्वतःला ओंडक्यांच्या झोपडीतला साधा माणूस म्हणून पेश केलं आणि निवडून आले. प्रत्यक्षात ते व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदाराचे चिरंजीव. लिंकन मात्र १८०९मध्ये खरोखरच केंटकीतल्या अशा झोपडीत जन्मले. तिथे आता दगडी मंदिरासारखं स्मारक आहे आणि आत एक झोपडी जपून ठेवलीय. पण ती त्यांची नव्हे, प्रतीक म्हणून ठेवलेली आहे. मूळची कधीच गेली.

असो. मे २०२२मध्ये आम्ही सामान हलवलं. पहिलं वर्ष शिकण्यात गेलं. लाकूड 'कॉर्ड'मध्ये विकत घेतात, एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट, हे कळलं. ओकचं लाकूड वाळायला दोन-दोन वर्षं लागतात, ओलं जाळलं की चिमणीत काजळीचं चिकट पुट धरतं आणि ते पेटू शकतं, हेही कळलं. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळ कोरडा, म्हणून डिसेंबरात बादल्या भरून ठेवायची सवय लागली (आईची आठवण आली. तिला नळाचं पाणी कधी जाईल याचं भय शेवटपर्यंत होतं). पक्ष्यांसाठी हौसेने टांगलेलं दाण्यांचं भांडं एका पहाटे अस्वलाने खांबासकट वाकवून नेलं. मग मोठाले काळे भुंगे आले. पडवीच्या तुळईला पेन्सिलीपेक्षा जाड, अगदी कंपासने आखल्यासारखी गोल भोकं! नर नुसते तोंडासमोर घोंघावतात, त्यांना नांगीच नसते. पोखरण्याचं काम माद्या करतात. (नवऱ्याने यावर केलेला विनोद इथे लिहीत नाही.) त्यांच्या अळ्या खायला सुतारपक्षी येतो आणि भोकाचं भगदाड करतो.

तोवर हे सगळं गमतीचं होतं. फोन करून सांगायला मजा यायची.

एप्रिल २०२३मध्ये बर्फ वितळल्यावर मी मागच्या बाजूचा डेक झाडत होते. भिंतीजवळ लाकडाचा भुगा दिसला. मुंग्यांनी काढावा तसा. वाकून सगळ्यात खालच्या ओंडक्याला बोट लावलं तर बोट आत गेलं. घरातून स्क्रू-ड्रायव्हर आणला, तो मुठीपर्यंत गेला. बाहेर आलं ते लाकूड नव्हतंच. तपकिरी, चौकोनी तुकडे, चिमटीत धरले की पीठ.

घर घेताना रीतसर तपासणी करून घेतली होती. तपासणी करणाऱ्याने अहवालात 'चांगल्या स्थितीत' असं लिहून पैसे घेतले होते. विम्याच्या कंपनीने शांतपणे सांगितलं की कुजणं हा अपघात नाही. दोन कंत्राटदार येऊन गेले. एकाने आकडा सांगितला तो एका नव्या गाडीचा होता. दुसरा भिंतीकडे बघून म्हणाला, "खरं सांगू का? हा भाग पाडा आणि साधी भिंत घाला. जुन्या लाकडाच्या मागे लागण्यात अर्थ नसतो."

मी रात्रभर झोपले नाही. पैशांची काळजी होतीच. पण ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. ऐकलेलं कसलं, बोललेलं होतं.

आता ते सांगायला हवं.

राजापूर तालुक्यात आमचं घर होतं. जांभ्याचं जोतं, मातीच्या भिंती, फणसाचे खांब, किंजळीचे वासे, वर कौलं. ओटी, माजघर, पडवी आणि वर काळामिट्ट माळा. मे महिन्यात आम्ही भावंडं त्या माळ्यावर आंब्यांच्या अढीशेजारी लपायचो. तो वास होता तो! आजी २००४ साली गेली आणि घराला कुलूप लागलं. बाबा आणि काका सगळे मुंबईच्या बाजूला. लाकडामातीच्या घराला कुलूप मानवत नाही. चूल पेटत नाही म्हणजे धूर नाही. धूर नाही म्हणजे वाशांना कीड आणि वाळवी. पावसाआधी शाकारणी नाही म्हणजे कुठलं तरी कौल सरकलेलं, आणि त्याखालचा वासा चार महिने भिजत.

२००९च्या फेब्रुवारीत बाबांचा फोन आला. एरवी इतकं बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. पडवीकडची बाजू गेलीय, पाच-सहा वासे आणि एक तुळई बदलावी लागेल, सुताराशी बोलणं झालंय, बाकीच्या भावांना रस नाही. मग म्हणाले, "तुम्ही दोन वर्षांतून एकदा जरी येऊन चार दिवस राहणार असाल, तर मी करून घेतो."

आमचं तेव्हा ग्रीन कार्ड रांगेत, लेक सहा वर्षांची, नवऱ्याच्या कंपनीत दर शुक्रवारी कुणाची तरी नोकरी जात होती. मी म्हटलं, "बाबा, भावनेत अडकू नका. प्रॅक्टिकल विचार करा. जुन्या लाकडाच्या मागे किती पैसे घालणार?"

बाबा म्हणाले, "बरं."

एप्रिलमध्ये घर उतरवलं. जुनी लाकडं विकत घेणारा एक व्यापारी ट्रक घेऊन आला. दादाने फोटो मेल केले होते. ते मी उघडले नाहीत. बाबांनी आपल्या वाट्यातले थोडे पैसे हट्टाने मला पाठवले आणि त्यातून आम्ही एडिसनच्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा बसवला. छान होता. सगळे चौकशी करायचे.

तर त्या रात्री, २०२३च्या एप्रिलमध्ये, मी दादाचा तो जुना मेल शोधून काढला आणि चौदा वर्षांनी फोटो उघडले. एकूण अकरा होते. एकात फणसाचे खांब अंगणात ओळीने आडवे ठेवलेले, आणि त्यांच्यावर खडूने आकडे घातलेले. व्यापाऱ्याने मोजणीसाठी घातले असणार. मी बराच वेळ ते आकडे बघत बसले. आमच्या माळ्यावरची ती कारखान्याची चिठ्ठी आठवली. तिथे आकडे घातले होते ते रचण्यासाठी.

नवऱ्याला उठवून त्या रात्री मी त्या वासाची गोष्ट सांगितली. तो एवढंच म्हणाला, "मग बाबांनाच विचार ना काय करायचं ते."

आमचे सकाळचे नऊ म्हणजे डोंबिवलीत संध्याकाळचे साडेसहा. मी व्हिडिओवर ती भिंत दाखवली. मला वाटत होतं, बाबा काहीतरी बोलतील. बोलायचा हक्कच होता त्यांना. पण त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं, "पागोळी कुठे पडते?"

"काय?"

"अगं, छपराचं पाणी. पागोळी कुठे पडते ते बघ."

मी फोन वर केला. पन्हळ नव्हतंच तिथे. छपराची कड डेकच्या वर येऊन संपत होती. म्हणजे पागोळी पडायची ती डेकच्या फळ्यांवर, आणि तिथून उडणारे शिंतोडे सरळ भिंतीच्या पायथ्याला. वर हिवाळ्यात डेकवर साठलेला बर्फ महिना-महिना ओंडक्याला टेकून.

"हा ओटा मागाहून केलेला दिसतो," बाबा म्हणाले. (डेकला ते ओटाच म्हणतात.) "ज्याने घर बांधलं तो शहाणा होता, ज्याने ओटा केला तो नव्हता. आता मुठीने ठोकत जा एकेक लाकूड. आवाज ऐकव."

मग पाऊण तास मी हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत होते आणि डोंबिवलीतून बाबा निकाल देत होते. 'टण' वाजलं की "चांगलं." 'धप' वाजलं की "गेलं." तीन ओंडके गेलेले निघाले, तेही पूर्ण लांबीचे नव्हेत, सहा-सात फूट. बाकी सगळी भिंत 'टण'. शेवटी ते म्हणाले, "एवढंच ना? किडकं तेवढं काढायचं, नवं घालायचं. त्यासाठी घर पाडत नाहीत."

हे वाक्य त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम उच्चारलं की सहज, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. "बाबा, तेव्हा मी..." एवढं म्हणाले, तर म्हणाले, "आधी सुतार शोध. पावसाच्या आधी व्हायला हवं."

सुतार सापडला तो शेजारच्या आजोबांच्या ओळखीने. सत्तरीचा, कमी बोलणारा, त्याच्या गाडीत आमच्या घरापेक्षा जुनी हत्यारं. त्याने भिंतीकडे बघितलंच नाही. आधी मागे जाऊन मान वर केली, छपराची कड बघितली, मग खाली डेक बघितला. मला हसूच आलं. पागोळीला त्याच्या भाषेत काही शब्द होता की नाही कोण जाणे, पण बघितली त्याने तीच. म्हणाला, लाकडाच्या घराला डोक्यावर मोठी टोपी आणि पायात उंच बूट लागतात, बाकी ते स्वतःचं बघून घेतं. म्हणजे छप्पर पुढे आलेलं हवं आणि जोतं उंच हवं. आमच्या राजापूरच्या घराला दोन्ही होतं.

काम नऊ दिवस चाललं. वरच्या भिंतीला टेकू देऊन जॅकवर तोललं, किडका भाग कापून काढला, त्याच मापाचे वाळलेले नवे ओंडके खाचेत बसवले, आजूबाजूच्या लाकडाला बोरेटचं पाणी पाजलं, म्हणजे बुरशी आणि कीड लागत नाही. भिंतीलगतच्या डेकच्या फळ्या काढून तिथे फूटभर मोकळी जागा सोडली आणि खाली खडी टाकली. छपराला पन्हळ लावलं. भिंत जॅकवर होती त्या रात्री आम्ही त्याच घरात झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो. गाडीच्या किमतीपेक्षा बरंच कमी लागलं, पण त्या वर्षीची भारतवारी रद्द झाली.

नवे ओंडके अजून वेगळे दिसतात. फिकट. स्टेन लावूनही रंग जुळला नाही. मी सुताराला म्हटलं, तर म्हणाला, दहा वर्षं थांबा.

भारतात आम्ही गेलो नाही म्हणून पुढच्या वर्षी, जून २०२४मध्ये, बाबाच आले. वय ८१, गुडघे दुखतात, विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून बाहेर आले ते कुरकुरतच. घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. चहाही न घेता ते बाहेरून घराभोवती काठी टेकत फिरले. मधेमधे थांबून मुठीने ठोकायचे, कान द्यायचे, पुढे जायचे. मी मागून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभी असल्यासारखी. नव्या ओंडक्यांपाशी बोट फिरवून सांधा बघितला. "बरा आहे सुतार," म्हणाले. बाबांच्या तोंडी 'बरा' म्हणजे काय ते घरच्यांना माहीत आहे.

मग आत आले. दारात थांबले. मी बघत होते. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि काहीच बोलले नाहीत. चप्पल काढून आत गेले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते दिवेलागणीपर्यंत.

ते सहा आठवडे होते. पुढची पडवी त्यांची झाली. तिला ते ओटी म्हणायचे. सकाळी तिथे पेपरऐवजी अस्वल दिसतं का ते बघायचे. एका रात्री जेवून बाहेर बसलो होतो. जूनअखेर होती, समोरच्या गवतावर काजवेच काजवे. इथला काजवा पेनसिल्व्हेनियाचा राज्य-कीटक आहे असं मी त्यांना सांगितलं. "कीटकालाही राज्य असतं का!" म्हणून हसले. मग बराच वेळ गप्प. आमच्याकडे पावसाच्या तोंडाला पाखाडीच्या कडेने असेच काजवे असायचे.

त्या अंधारात मला धीर आला. विचारलं, "बाबा, घर उतरवलं तेव्हा तुम्ही काहीच ठेवून घेतलं नाही? एखादी खुंटी तरी?"

"ठेवून काय करायचं? भिंतीत असते तोवर ती खुंटी. कपाटात ठेवली की लाकूड."

"मी तेव्हा नाही म्हटलं म्हणून..."

"तू नाही म्हणालीस ते बरोबरच होतं," ते म्हणाले. "तू हो म्हणाली असतीस आणि आली नसतीस, तर मी वासे बदलत बसलो असतो आणि घर तरी पडलंच असतं. घर खर्चाने टिकत नाही. राबत्याने टिकतं." थोडं थांबून म्हणाले, "मी तरी कुठे राहायला गेलो तिथे? निवृत्त झालो होतो की. मलाही डोंबिवलीत बरं वाटत होतं."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण या बाजूने मी कधी बघितलंच नव्हतं. पंधरा वर्षं मी समजत होते की ते घर माझ्या एका वाक्याने पडलं. त्यांना वाटत होतं, त्यांच्या न जाण्याने. काकांनाही त्यांचं काहीतरी वाटत असणार. घर पडायला एक माणूस पुरत नाही बहुतेक. सगळ्यांनी मिळून थोडं थोडं जायचं थांबवावं लागतं.

मला हलकं वाटलं का? हो आणि नाही. दोष वाटला गेला म्हणून कमी होतो असं नाही. पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे बघितलं, हे त्याआधी कधी झालं नव्हतं.

आता आमच्याकडे दर मे महिन्यात शाकारणी असते. नाव बाबांचंच. एक शनिवार-रविवार ठरवून पन्हळं साफ करायची, आकाशाकडे बघणाऱ्या भेगा बुजवायच्या, भुंग्यांची भोकं बंद करायची, दक्षिणेच्या बाजूचा स्टेन उडाला असेल तर तेवढा हात मारायचा. आणि हातोडीचा दांडा घेऊन घराभोवती एक फेरी. बाबा व्हिडिओवर असतात. ऐकू आता कमी येतं त्यांना, तेव्हा 'टण' की 'धप' ते मीच सांगते आणि ते मान डोलावतात. गेल्या मे महिन्यात लेक आली होती सुट्टीला. तिच्या हातात दांडा दिला. तिने दोन-तीन ठिकाणी ठोकलं आणि वैतागून म्हणाली, "आई, सगळं सारखंच तर वाजतंय!"

तिला मी आग्रह केला नाही. ती या घरात कधी राहणार नाही हे मला माहीत आहे. तिची नोकरी कॅलिफोर्नियात, तिचं जग तिकडे. उद्या मी फोन करून विचारलं तर तीही म्हणेल, आई, प्रॅक्टिकल विचार कर. तेव्हा मी "बरं" म्हणायचं, हे मी आत्तापासून घोकतेय.

तोवर आम्ही आहोत. चूल नाही, पण स्टोव्ह पेटतो. फोडणी होते. पाहुणे येतात, भिंतीचा वास घेऊन सोमवारी काय केलं होतं ते ओळखतात.

तेव्हा मंडळी, या. कढीपत्ता मात्र घेऊन या.